माहेर पोट्सडॅम, सासर हेलसिंकी

क्विझमध्ये भल्याभल्यांची दांडी उडवणारा एक प्रश्न आधी विचारतो. फिनलंड १९१७ च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र झाला. त्या स्वतंत्र फिनलंडला पहिलं ऑलिम्पिक सुवर्णपदक कुणी मिळवून दिलं?

ज्यांना खेळांची थोडीफार माहिती आहे ते लगेच हात वर करतील आणि पाव्हो नुर्मीचं नाव घेतील. चूक! कुणी कोलेहमाइनेन म्हणेल. तेही चूक. बरोबर उत्तर असं, की हे पदक एका जोडप्यानं मिळवलं. त्यातला नवरा ३८ वर्षांचा इंजिनियर होता, बायको ३५ वर्षांची होती आणि तिचा जन्म फिनलंडमध्ये झालेलाच नव्हता. ती होती जर्मनीची. खेळ होता बर्फावरचं फिगर स्केटिंग, आणि गंमत म्हणजे ऑलिम्पिक होतं उन्हाळी!

बाईंचं नाव लुडोविका याकोबसन. माहेरचं नाव लुडोविका आयलर्स. नवऱ्याचं नाव वॉल्टर याकोबसन. आपल्याकडे फिगर स्केटिंग म्हणजे टीव्हीवर चॅनेल बदलताना दोन मिनिटं थांबून बघायचा प्रकार. त्यामुळे ही नावं आपल्या कानावर येण्याचं काही कारण नाही. पण यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एक तर यात एक इंजिनियर आहे, आणि दुसरं म्हणजे "तू नक्की कुठली?" हा प्रश्न या बाईंना इतिहासानं ज्या पद्धतीनं विचारला, तसा फार कमी खेळाडूंना विचारला असेल.

बर्लिनमधली ओळख

लुडोविकाचा जन्म २५ जुलै १८८४ चा, बर्लिनला लागून असलेल्या पोट्सडॅम गावातला. प्रशियाच्या राजांचे राजवाडे इथेच. म्हणजे जर्मन साम्राज्याचं अगदी अंगण म्हणायला हरकत नाही. वॉल्टर तिच्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठा, ६ फेब्रुवारी १८८२ ला हेलसिंकीत जन्मलेला. त्या वेळी फिनलंड हा स्वतंत्र देश नव्हता. रशियाच्या झारच्या साम्राज्यातलं ते एक संस्थान होतं, स्वतःचे कायदे असलेलं, पण मालक झार.

वॉल्टर इंजिनियरिंग शिकायला बर्लिनला आला. आज आपल्याकडची मुलं एम. एस. करायला जर्मनीला जातात ना, तसंच. १९०७ साली तिथे त्याची आणि लुडोविकाची ओळख झाली आणि दोघं जोडीनं स्केटिंग करू लागले.

बर्लिनमध्ये तेव्हा स्केटिंगची लाट होती. अमोनियावर चालणारी शीतकरण यंत्रं आली होती. जमिनीखाली नळ्यांचं जाळं टाकायचं, त्यातून गोठणबिंदूच्या खाली थंड केलेलं मिठाचं पाणी फिरवायचं आणि वर बर्फाचा थर धरायचा. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात आपण जे रेफ्रिजरेशन सायकल घोकतो, त्याचाच हा प्रताप. त्यामुळे थंडीची वाट न बघता छपराखाली सराव करता येऊ लागला. तलाव गोठण्याच्या भरवशावर असलेला खेळ एकदम शहरी झाला.

जोडीचं स्केटिंग हा प्रकारही नवाच होता. जागतिक स्पर्धेत त्याला जागा मिळाली १९०८ मध्ये. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्येही तो आला. दोन्हीकडे जिंकली ती जर्मनीचीच जोडी, ॲना ह्युब्लर आणि हाइनरिश बुर्गर. १९१० ची जागतिक स्पर्धा खुद्द बर्लिनमध्ये झाली. तिथे ह्युब्लर आणि बुर्गर पुन्हा पहिले, आणि दुसरे आले आपले आयलर्स आणि याकोबसन. निकालाच्या यादीत त्यांच्या नावापुढे दोन देश होते, तिच्यापुढे जर्मनी आणि त्याच्यापुढे फिनलंड.

एकट्यानेच पहिला नंबर

पुढच्या वर्षी, १९११ मध्ये, व्हिएन्नाला जागतिक स्पर्धा होती. याकोबसन जोडी पहिली आली. पण यात एक मेख आहे. त्या वर्षी स्पर्धेत दुसरी जोडीच नव्हती! म्हणजे पहिला नंबर आणि शेवटचा नंबर एकच. आपल्या गॅदरिंगमध्ये एकाच टीमनं नाव द्यावं आणि ढाल घेऊन जावं, तसला प्रकार.

पण म्हणून लुडोविकाला कच्ची समजू नका. त्याच व्हिएन्नात ती महिलांच्या एकेरीतही उतरली आणि हंगेरीच्या दोघींच्या पाठोपाठ तिसरी आली. हे कांस्यपदक तिनं जर्मनीच्या नावावर मिळवलं. त्याच वर्षी तिनं वॉल्टरशी लग्न केलं. इथून पुढे लुडोविका आयलर्स, जर्मनी, हे नाव निकालांतून गेलं आणि लुडोविका याकोबसन, फिनलंड, हे नाव आलं.

त्या काळी युरोपात बहुतेक ठिकाणी कायदाच असा होता, की लग्नानंतर बायको नवऱ्याच्या देशाची. तिला वेगळं विचारायची पद्धत नव्हती. आपल्याकडच्या मुलीचं आडनाव बदलतं, हिचा झेंडाच बदलला. आणि तो झेंडा तरी कुठला? फिनलंडला स्वतःचा असा झेंडा फडकवायची मुभाच नव्हती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये फिनलंडचा संघ वेगळा खेळला, हान्नेस कोलेहमाइनेननं पळण्याच्या शर्यती जिंकल्या, तरी काठीवर चढला तो रशियाचाच झेंडा. म्हणजे लुडोविकानं ज्या देशाची सून म्हणून नाव लावलं, तो देश अजून नकाशावर धड उमटलेलाही नव्हता.

१९१२ मध्ये मँचेस्टरला आणि १९१३ मध्ये स्टॉकहोमला ही जोडी दुसरी आली. स्टॉकहोमला त्यांना हरवलं व्हिएन्नाच्या हेलेन एंगेलमान आणि कार्ल मेइस्ट्रिक यांनी. एंगेलमान तेव्हा जेमतेम १५ वर्षांची होती. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. १९१४ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला मात्र याकोबसन पहिले आले, आणि या वेळी समोर प्रतिस्पर्धी होते.

थोडं मेकॅनिक्स

आता इंजिनियरिंग कॉलेजचं मासिक आहे म्हटल्यावर थोडी आकडेमोड हवीच. कंटाळा आला तर हा भाग ऑप्शनला टाका.

स्केटचं पातं सपाट नसतं. त्याच्या तळाला लांबीनं एक उथळ पन्हळ असते, त्यामुळे पात्याला दोन कडा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. चांगला स्केटर पात्याच्या मधोमध उभा राहत नाही, तो कायम कोणत्या ना कोणत्या कडेवर असतो. कडेवर गेला की अंग एका बाजूला झुकतं आणि बर्फावर वाट वळते. सायकल वळवताना आपण झुकतो तेच गणित. झुकण्याच्या कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण. सेकंदाला ६ मीटर वेग आणि ६ मीटर त्रिज्या धरली तर कोन येतो साधारण ३१ अंश. गुळगुळीत बर्फावर, चार मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पात्यावर, ३१ अंश झुकून उभं राहायचं. बघा विचार करून.

आता या सूत्रात वस्तुमान कुठे आहे? नाहीये. ते दोन्हीकडून कटतं. म्हणजे उंचापुरा पुरुष आणि हलकी बाई सारख्याच वेगानं, सारख्याच त्रिज्येवर गेले तर दोघांचा कोन सारखाच येणार. दोन वेगवेगळ्या माणसांची एकच आकृती दिसते ती निसर्गाच्या या मेहेरबानीमुळे. पण हात हातात धरून दोघं एकाच केंद्राभोवती शेजारी शेजारी फिरू लागले की गणित बदलतं. कोनीय वेग दोघांचा एकच, पण बाहेरच्याची त्रिज्या मोठी. मग त्याला जास्त वेगानं जावं लागतं आणि जास्त झुकावंही लागतं. तरीसुद्धा बघणाऱ्याला दोघं एकसारखे दिसले पाहिजेत. ही तडजोड जोडीला सतत, पावलागणिक करावी लागते, आणि तीही एकमेकांना न ओढता.

त्या काळात जोडीदाराला डोक्यावर उचलणं, हवेत फेकणं असले आजचे प्रकार नव्हते. जोडीच्या स्केटिंगचा कस लागायचा तो एकरूपतेत. दोन माणसं एकाच मनानं चालतात की नाही, एवढंच खरं तर बघितलं जायचं. आणि ही गोष्ट सरावाच्या वर्षांनीच येते. म्हणून पस्तिशी-अडतिशी गाठलेली जोडी तेव्हा म्हातारी नाही, तर मुरलेली समजली जायची.

माहेर आणि सासर समोरासमोर

सेंट मॉरिट्झच्या विजयाला सहा-सात महिने होतात न होतात, तोच ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला रशिया. आता या घराची अवस्था बघा. नवरा कागदोपत्री झारच्या साम्राज्यातला, म्हणजे बर्लिनमध्ये शत्रूच्या मुलखातला माणूस. बायको जन्मानं जर्मन, पण लग्नामुळे तीही त्याच बाजूची. स्वतःच्याच जन्मभूमीत ती परकी ठरली.

युद्धाच्याच काळात दोघं हेलसिंकीला राहायला गेले. तिथे तर चित्र बरोबर उलटं झालं. रशियन साम्राज्यातल्या शहरात, युद्ध चालू असताना, एक पोट्सडॅमची जर्मन बाई. शहराच्या दोन भाषा, फिनिश आणि स्वीडिश. थंडी बर्लिनपेक्षा कडक, हिवाळ्यात दिवस अगदी चिमूटभर. बर्फ मात्र भरपूर, पण तो आभाळातला. फिनलंडमध्ये तेव्हा कृत्रिम बर्फाचं मैदान नव्हतं. समुद्राचं आणि बंदराचं पाणी गोठलं की सराव, नाहीतर वाट बघा.

वॉल्टर हेलसिंकीच्या कोने या सिल्ता नावाच्या कंपनीत तांत्रिक संचालक होता. नावाचा अर्थच मुळी यंत्र आणि पूल. दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात बर्फ. आपल्याला सबमिशनच्या आठवड्यात जिमला जायला जमत नाही, तेव्हा या गृहस्थांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पुढची दोन वर्षं त्या शहरानं जे पाहिलं ते कुठल्याही शहरावर येऊ नये. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, झार गेला. ६ डिसेंबर १९१७ ला फिनलंडनं स्वातंत्र्य जाहीर केलं. दोन महिने होण्याआधीच, जानेवारी १९१८ मध्ये, देशात यादवी सुरू झाली, लाल विरुद्ध पांढरे. भाऊ भावावर उठला. एप्रिलमध्ये पांढऱ्यांच्या मदतीला जर्मन सैन्य उतरलं आणि त्यानंच हेलसिंकी ताब्यात घेतलं. म्हणजे लुडोविकाच्या सासरच्या रस्त्यावर माहेरचे सैनिक. अर्ध्या शहराला ते तारणहार वाटले, अर्ध्याला वैरी. त्या दिवसांत तिच्या जर्मन उच्चारांकडे शेजारपाजारचे कसे बघत असतील, याची नुसती कल्पना करा.

या सगळ्यात स्केटिंगच्या जागतिक स्पर्धा १९१५ पासून बंदच होत्या. खेळाडूच्या आयुष्यातली ऐन भरातली वर्षं हातातून गेली. युद्ध सुरू झालं तेव्हा लुडोविका नुकतीच ३० ची झाली होती.

अँटवर्प, एप्रिल १९२०

युद्धानंतरचं पहिलं ऑलिम्पिक बेल्जियममधल्या अँटवर्पला भरलं. हिवाळी ऑलिम्पिक असा वेगळा प्रकार तोवर नव्हता. फिगर स्केटिंग आणि आइस हॉकी हे उन्हाळी ऑलिम्पिकचाच भाग होते. फक्त ते एप्रिलमध्ये, बंदिस्त आइस पॅलेसमध्ये उरकून घेतले आणि बाकीचे खेळ उन्हाळ्यात झाले.

या ऑलिम्पिकला जर्मनीला बोलावणं नव्हतं. ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया, तुर्कस्तान, सगळे युद्ध हरलेले देश बाहेर. बेल्जियम हा तर जर्मन सैन्यानं चार वर्षं तुडवलेला देश. लुडोविका आयलर्स त्या हॉलच्या दारातूनसुद्धा आत गेली नसती. लुडोविका याकोबसन मात्र फिनलंडच्या नावावर बर्फावर उतरली. बाई तीच, पाय तेच, कौशल्य तेच, फक्त कागद वेगळा. यावर नशीब म्हणायचं की अन्याय, हे ज्यानं त्यानं ठरवावं. तिच्या माहेरच्या मैत्रिणी घरी बसल्या, ती खेळली, एवढं खरं.

आठ जोड्या होत्या. निकालात वादाला जागाच राहिली नाही. सातही परीक्षकांनी याकोबसन जोडीला पहिलं स्थान दिलं. नॉर्वेचं ब्रिन दांपत्य दुसरं, ब्रिटनचे फिलिस जॉन्सन आणि बेसिल विल्यम्स तिसरे. यातल्या फिलिस जॉन्सननं १९१२ ला मँचेस्टरमध्ये याच याकोबसनना हरवलं होतं, तेव्हा जोडीदार होता तिचा नवरा.

अशा रीतीनं स्वतंत्र फिनलंडचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण नोंदलं गेलं आणि ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी फिनलंडची पहिली महिला ठरली पोट्सडॅमची लुडोविका. स्टॉकहोमला जो झेंडा मिळाला नव्हता, तो पांढऱ्यावर निळ्या क्रॉसचा झेंडा आता या देशाचा स्वतःचा होता. कोलेहमाइनेनची वेळ चार महिन्यांनी आली. त्यानं ऑगस्टमध्ये मॅरेथॉन जिंकली.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. त्याच मॅरेथॉनमध्ये आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले आणि १९ वे आले. दोराबजी टाटांच्या पुढाकारानं, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरून ज्या हालचाली झाल्या, त्यातून भारताचा पहिला संघ ऑलिम्पिकला गेला तो याच अँटवर्पला. त्यात कुस्तीगीर रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं. देश पारतंत्र्यात, पण संघ स्वतःच्या नावाचा. फिनलंडनं १९१२ ला जे सोसलं, त्याची चव आपल्या माणसांना या ऑलिम्पिकमध्ये कळली असेल.

आणखी आठ वर्षं

कुणी म्हणेल, पस्तिशीत सुवर्ण मिळालं, आता निवृत्त व्हावं. या दोघांनी तसं केलं नाही. १९२२ मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या. दावोसला ते दुसरे आले. पहिली कोण? हेलेन एंगेलमान, आता आल्फ्रेड बेर्गरबरोबर. युद्धामुळे बाहेर ठेवलेले ऑस्ट्रियन परत आले होते. १९२३ मध्ये क्रिस्टियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, याकोबसन पुन्हा जगज्जेते झाले. पहिल्या विजेतेपदापासून बारा वर्षांनी!

१९२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीला जो हिवाळी खेळांचा सप्ताह झाला, त्यालाच पुढे पहिलं हिवाळी ऑलिम्पिक म्हणून मान्यता मिळाली. इथे उघड्यावरचा बर्फ. जर्मनीला याही वेळी बोलावणं नव्हतं. एंगेलमान आणि बेर्गर पहिले आले, याकोबसन दुसरे. अँटवर्पचं सुवर्ण ऑस्ट्रियनांच्या गैरहजेरीतलं होतं, अशी कुजबुज कुणी केली असेल तर तिला काही आधार मिळाला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण त्या वेळी वॉल्टर ४१ वर्षांचा होता आणि एंगेलमान २५ वर्षांची, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगायला हवं.

शेवटचा प्रवेश १९२८ चा, पुन्हा सेंट मॉरिट्झ. चौदा वर्षांपूर्वी युद्धाच्या आधी जिथे ते जिंकले होते, तेच गाव. या खेळांत उबदार वारं सुटलं, बर्फ वितळायला लागला आणि स्पीड स्केटिंगची दहा हजार मीटरची शर्यत गुंडाळावी लागली. जर्मनीचा संघ या वेळी परत आला होता. लुडोविका मात्र फिनलंडच्याच रांगेत. ती ४३ वर्षांची, तो ४६ वर्षांचा, क्रमांक पाचवा. पहिले आले फ्रान्सचे आंद्रे जोली आणि पियेर ब्रुने. काळ बदलला होता, खेळ अधिक चपळ झाला होता. दोघांनी तिथे थांबायचं ठरवलं.

जमाखर्च असा : एक ऑलिम्पिक सुवर्ण, एक रौप्य, जागतिक स्पर्धेत तीन सुवर्ण आणि चार रौप्य. अठरा वर्षं आणि जोडीदार एकच. फिगर स्केटिंगमध्ये फिनलंडला त्यानंतर ऑलिम्पिक सुवर्ण मिळालेलं नाही. आणि या खेळात सर्वांत जास्त वयात ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारे स्त्री आणि पुरुष म्हणून आजही याच दोघांची नावं आहेत.

वॉल्टर १० जून १९५७ ला हेलसिंकीत गेला. लुडोविका त्यानंतर अकरा वर्षं जगली. १ नोव्हेंबर १९६८ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी, तिनंही हेलसिंकीतच डोळे मिटले. परत जर्मनीला राहायला गेली नाही.

मग ती कुठली?

आज असा देश बदलून खेळणं जोडीच्या स्केटिंगमध्ये नेहमीचं झालं आहे. जोडीदार मिळणं कठीण, म्हणून माणसं सीमा ओलांडतात. नियमही स्पष्ट आहेत. जागतिक स्पर्धेत दोघांपैकी एकानं त्या देशाचं नागरिक असलं तरी चालतं, ऑलिम्पिकला मात्र दोघांकडेही नागरिकत्व लागतं. २०१८ ला प्याँगचँगमध्ये जर्मनीला जोडीचं सुवर्ण मिळालं ते युक्रेनमध्ये जन्मलेल्या अल्योना सावचेन्को आणि फ्रान्समध्ये जन्मलेल्या ब्रुनो मासो यांनी. सावचेन्कोचा जन्म १९८४ चा, लुडोविकानंतर बरोबर शंभर वर्षांनी. जर्मनीनं एक मुलगी दिली होती, शंभर वर्षांनी एक घेतली. हिशेब फिटला म्हणायचा.

आपल्या हॉस्टेलमध्ये नांदेडची मुलं आहेत, कोकणातली आहेत, राज्याबाहेरचीही आहेत. पहिल्या वर्षी प्रत्येकाला विचारलं जातं, तू कुठला? चौथ्या वर्षी सुट्टीत घरी गेल्यावर दोन दिवसांत आपल्यालाच हॉस्टेलची आठवण येते, तेव्हा उत्तर थोडं डळमळीत झालेलं असतं. पुढे कुणी पुण्याला जाईल, कुणी परदेशात, आणि हा प्रश्न जास्तच अवघड होत जाईल.

लुडोविकाला सरकारांनी, युद्धांनी आणि कायद्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली. जर्मन, रशियाची प्रजा, शत्रू, फिनिश. तिनं मात्र अठरा वर्षं एकच काम केलं. शेजारच्या माणसाचा हात धरला, कडेवर तोल सांभाळला आणि वळण पूर्ण केलं.